खुलताबादच्या कबरी आणि माझं खोडलेलं वाक्य

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही घरचे सगळे शहागडहून खुलताबादला निघालो. आईला भद्रा मारुतीचं दर्शन हवं होतं, मला कबरी बघायच्या होत्या. "मामा, सहलीला कोणी कब्रस्तानात नेतं का?" भाचा वाटभर विचारत होता.

औरंगजेब वारला अहमदनगरला, पण त्याला पुरलं इथे, सूफी संत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात. वर छत नाही, मधे नुसती माती. प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात मी या जागेचं जसंच्या तसं वर्णन केलं होतं आणि शेवटी ठोकून दिलं होतं, 'बादशहाच्या साधेपणाचा पुरावा.' भाच्याने कबर पाहिली आणि म्हणाला, "साधी म्हणतोस, मग भोवती संगमरवराची जाळी कशाला?"

सरांनी लाल शाईत हेच विचारलं होतं! ती जाळी विसाव्या शतकातली, निजाम राजवटीत बसवलेली. माती अठराव्या शतकातली, संगमरवर दोनशे वर्षांनंतरचा, आणि मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबले होते. तुम्ही क्षेत्रभेटीला जाल तेव्हा वास्तूची एकच तारीख लिहू नका. ओटा, जाळी, पाटी, रंग, प्रत्येकाचा काळ वेगळा नोंदवा.

तारखांचीही गंमत आहे. औरंगजेबाचा मृत्यू हिजरी १११८ मधला. हे वर्ष १७०६ च्या एप्रिलात सुरू होऊन १७०७ च्या एप्रिलात संपतं. महिना जिल्काद, म्हणजे अकरावा, म्हणून १७०७. जुन्या इंग्रजी पुस्तकांत २० फेब्रुवारी दिसेल, इतरत्र ३ मार्च. चूक कोणाचीच नाही, पहिली तारीख ज्युलियन पंचांगातली आहे. मी यात दोन दिवस घालवलेत, तुम्ही घालवू नका.

मग गावाबाहेर मलिक अंबरच्या घुमटाकडे गेलो. तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीरच्या हाती तो कधी लागला नाही, तेव्हा बादशहाने त्याच्या तोडलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच काढून घेतलं. १६२६ मध्ये अंबर वारला तो म्हातारपणाने.

भाचा काळ्या दगडावर हात फिरवत म्हणाला, "याला का नाही कोणी जाळी बसवली?"

खोडलेल्या वाक्याच्या जागी माझ्या वहीत आता हा प्रश्न आहे.