टपालाचा हंशील आणि लोकांचें ज्ञान

वर्तमानपत्र छापून तयार झालें म्हणजे तें प्रसिद्ध झालें, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तें वाचकाच्या हातीं पडेपर्यंत प्रसिद्ध झालें असें म्हणतां येत नाहीं. तेव्हां टपालाचे नियम कोण करतो, हा प्रश्न वृत्तपत्रांच्या इतिहासांत मुद्रणस्वातंत्र्याइतकाच महत्त्वाचा आहे. या दृष्टीनें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

तेथें इंग्रजांचा अंमल असतां पोस्टमास्तर हा पुष्कळदां स्वतःच एखाद्या वर्तमानपत्राचा मालक असे. फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर ब्रॅडफर्ड यानें बेंजामिन फ्रँकलिनचें वर्तमानपत्र नेण्यास आपल्या टपालस्वारांना मनाई केली. तेव्हां फ्रँकलिननें त्या स्वारांनाच गुप्तपणें पैसे चारून आपलें काम साधलें. पुढें टपालाचा कारभार त्याच्याकडे आल्यावर १७५८ सालीं त्यानें सर्व वर्तमानपत्रांस सारखा दर लावून हा पक्षपात बंद केला. परंतु एका अधिकाऱ्याची न्यायबुद्धि म्हणजे कायदा नव्हे.

कायदा झाला तो १७९२ सालीं. २० फेब्रुवारीस वॉशिंग्टननें त्यावर सही केली. साध्या खाजगी चिठ्ठीस अंतराप्रमाणें ६ पासून २५ सेंटांपर्यंत हंशील पडे. वर्तमानपत्रास मात्र शंभर मैलांपर्यंत १ सेंट व त्यापलीकडे दीड सेंट. शिवाय प्रत्येक मुद्रकास इतर मुद्रकांकडे आपला अंक फुकट पाठविण्याची मुभा होती, व त्या अंकांतील बातम्या उतरून घेऊनच आडगांवचीं पत्रें चालत. म्हणजे चिठ्ठ्या लिहिणाऱ्या व्यापाऱ्याच्या पैशानें शेतकऱ्यास देशाची वार्ता कळूं लागली. मॅडिसनला तर एवढा हंशीलहि ज्ञानप्रसाराच्या आड येणारा वाटला.

तथापि या कायद्यांत मासिकांस जागा नव्हती. फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू कॅरीचें 'अमेरिकन म्युझियम' त्याच वर्षाअखेर बंद पडलें, आणि त्याचा दोष त्यानें या कायद्याकडे दिला. १७९४ सालीं मासिकांस प्रवेश मिळाला. पण थैलींत जागा असेल व वाहनास झेपेल तरच! अर्थात् पुन्हां सारें पोस्टमास्तरांच्या मर्जीवर आलें. १८६३ सालीं नियतकालिकें एका वर्गांत घातलीं गेलीं, आणि १८७९ च्या कायद्यानें त्या वर्गाचीं लक्षणें ठरविलीं: ठराविक मुदतीनें वर्षांतून निदान चार अंक, प्रकाशनाचें ठाऊक ठिकाण, आणि खरेखुरे वर्गणीदार. १८९६ पासून खेड्यापाड्यांतहि घरपोंच टपाल सुरू झालें, तेव्हां कुठें स्वस्त दराचें पूर्ण फळ शेतकऱ्याच्या पदरांत पडलें.

आमच्याकडे १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यानें एकतीस दिवसांच्या आंत निघणाऱ्या, खरे वर्गणीदार असलेल्या पत्रांस नोंदणीची सोय दिली. मराठी मासिकांच्या वेष्टनावरील 'रजिस्टर्ड नंबर' हा त्याचाच पुरावा. पण त्याच कायद्यानें आणीबाणीच्या प्रसंगीं टपाल अडवून ठेवण्याचा अधिकारहि सरकारास दिला होता. तो कायदा आतां राहिला नाहीं; २०२३ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली आहे.

या इतिहासावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, सवलतीचा दर हा प्रश्नाचा अर्धाच भाग होय. कोणत्या पत्रास सवलत मिळावी हें कायद्यानें स्पष्ट ठरलें पाहिजे, आणि अंक वेळेवर दारीं पोंचला पाहिजे. शिळा झालेला अंक स्वस्त मिळाला, तरी वर्गणीदार पुढील वर्षाची वर्गणी पाठवीत नाहीं.