शेगडीभोवतीचे न्यायासन



आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. बेसबॉल हा अमेरिकनांचा खेळ. आपल्या गावात त्याची बॅट क्वचितच कोणी हाती धरली असेल. त्यातही मी सामन्यांचा नव्हे, तर सामने बंद असतात त्या दिवसांचा इतिहास सांगणार, म्हणजे भोजन आटोपल्यावर पंगतीची हकीगत सांगण्यासारखेच झाले. परंतु या रिकाम्या दिवसांत एक असा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिलेला दिसतो की जो केवळ खेळाचा नाही. शिष्य यशस्वी झाला तर श्रेय कोणाचे? आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, मालकाचा की लोकांचा?

अमेरिकेत बेसबॉलचा मोसम वसंतात सुरू होतो आणि ऑक्टोबरात संपतो. पुढे बर्फ. जुन्या काळी लहान गावांतील दुकानात मध्यभागी एक लोखंडी शेगडी पेटलेली असे. तिच्याभोवती खुर्च्या ओढून मंडळी बसत आणि आपल्या संघाची चर्चा करीत. कोणाला ठेवावे, कोणाला काढावे, कोणता गडी विकला ही चूक, कोणता विकत घेतला हा मूर्खपणा, असा वाद वसंतापर्यंत चाले. या मंडळींना ‘हॉट स्टोव्ह लीग’ असे थट्टेचे नाव पडले. शेगड्या गेल्या, दुकाने बदलली, तरी नाव टिकून आहे. आपल्याकडे चावडीवर किंवा पारावर जे चालते तेच हे. फरक इतकाच, की तेथील पाराला छप्पर आणि ऊब लागते.

या वादात सर्वांत मोठा वाटा असतो पिचरचा. पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज. पण आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाहून त्याचे ओझे फार वेगळे. आपला गोलंदाज सहा चेंडू टाकतो आणि दुसऱ्या टोकाकडून दुसरा येतो. बेसबॉलचा पिचर मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून, साठ फूट सहा इंचांवरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो, आणि जमेल तितका वेळ एकटाच फेकत राहतो. शंभर-सव्वाशे वेळा त्या वेगाने हात फिरवल्यावर त्या हाताला काही दिवस विश्रांती द्यावीच लागते. १९६१-६२ पासून मोसम १६२ सामन्यांचा झाला. तेव्हा एक पिचर कितीही थोर असला तरी भागत नाही. चार-पाच चांगले लागतात, आणि त्यांचे हात शाबूत राहावे लागतात. सामना जिंकला की तो विजय एका पिचरच्या नावावर लिहितात. मोसमात वीस विजय म्हणजे पहिल्या प्रतीचा पिचर, असा त्या काळचा दंडक होता.

या पिचरांना शिकवणारा जो असतो त्याला आपण वस्ताद म्हणू. तालमीतला वस्ताद आणि हा, यांत साम्य पुष्कळ आहे. दोघेही स्वतः आखाड्यातून निवृत्त झालेले, आणि दोघांचेही काम लोकांच्या नजरेआड चालणारे. मात्र तालमीत वस्तादाच्या वर कोणी नसते. बेसबॉलमध्ये त्याच्या वर मॅनेजर असतो, मॅनेजरच्या वर मालक. आज ज्याची कथा सांगायची तो जॉनी सेन याच उतरंडीत आयुष्यभर अडकला.

आडनावावरून तो बंगाली वाटेल. पण होता अमेरिकेतील आर्कन्सॉ राज्याचा. जन्म १९१७ चा. स्वतः उत्तम पिचर. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू प्रथमच खेळायला उतरला आणि विसाव्या शतकातील वर्णभेदाची भिंत पडली. त्या दिवशी त्याच्यासमोर चेंडू फेकणारा पिचर सेनच होता. १९४८ साली त्याने बोस्टन ब्रेव्हजसाठी २४ सामने जिंकले. त्या वेळी त्या संघात भरवशाचे पिचर दोनच, वॉरन स्पाह्न आणि सेन. या दोघांच्या पाळ्या झाल्या की पाऊस पडावा आणि सामनाच होऊ नये, अशी विनोदी प्रार्थना बोस्टनकर करीत. १९५१ मध्ये ब्रेव्हजनी सेनला न्यूयॉर्कच्या यांकीज संघास दिले आणि मोबदल्यात लू बर्डेट नावाचा तरुण पिचर व पन्नास हजार डॉलर घेतले. यांकीजचा तेव्हा फायदाच झाला. पण १९५७ च्या जागतिक मालिकेत याच बर्डेटने यांकीजना तीन वेळा हरवले. सौदा कोणाला फळला हे ठरवायला सहा वर्षे लागली! शेगडीभोवतीचा निकाल पहिल्याच हिवाळ्यात का देऊ नये, याचा हा एक पुरावा.

वस्ताद म्हणून सेनची कीर्ती यांकीजमध्येच झाली. १९६१ पासून तीन वर्षे तो तेथे होता. व्हायटी फोर्ड हा त्या संघाचा नामांकित पिचर. परंतु तोवर एकाही मोसमात त्याने वीस विजय मिळवले नव्हते. १९६१ मध्ये त्याने २५ मिळवले. पुढल्या वर्षी रॅल्फ टेरीने २३, त्याच्या पुढल्या वर्षी जिम बाऊटनने २१. तिन्ही वर्षी यांकीज आपल्या लीगमध्ये पहिले आले.

सेन शिकवीत असे तरी काय? त्या काळी पिचरांना पाय मजबूत व्हावेत म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावीत. सेनला ते पटत नसे. चेंडू हाताने फेकायचा आहे, तर हातालाच सवय हवी. म्हणून दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांतही थोडे थोडे फेकत राहावे, असे त्याचे मत. चेंडूची फिरकी समजावी म्हणून त्याने एका दांडीवर चेंडू बसवून साधन तयार केले होते. ते हातात घेऊन पिचर बसल्या जागी बोटांची कळ शिकत. आणि तिसरी गोष्ट, जी मालकांना मुळीच रुचली नाही: आपल्या कामाची किंमत धीटपणे मागा, असे तो शिष्यांना सांगे. बाऊटनने १९७० साली ‘बॉल फोर’ नावाचे जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्यात याची साक्ष आहे.

या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व कळण्यास त्या काळचा करार माहीत हवा. खेळाडू एकदा संघाशी बांधला गेला की मुदत संपली तरी सुटत नसे. मालक त्याला ठेवी, विकी किंवा घरी बसवी. डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने ही बेडी तुटली. सेनच्या त्या दिवसांत खेळाडूला वेतन वाढवून मागण्याचा एकच काळ आणि एकच मार्ग होता, तो म्हणजे हिवाळा आणि तोंड. वस्तादच जर शिष्यांचे तोंड उघडू लागला, तर तो मालकाला किती दिवस गोड लागणार?

१९६३ अखेर कराराच्या बोलण्यांत जुळले नाही आणि सेन यांकीज सोडून गेला. १९६५ मध्ये तो मिनेसोटा ट्विन्स संघात आला. मिनिआपोलिस व सेंट पॉल या जुळ्या शहरांचा हा संघ. १९६४ साली त्याने ७९ सामने जिंकले होते. १९६५ साली १०२ जिंकले आणि लीगचे अजिंक्यपद मिळवले. ‘मडकॅट’ ग्रँट या पिचरने २१ विजय मिळवले. अमेरिकन लीगमध्ये वीस विजय मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर. पुढल्या वर्षी संघ दुसरा आला; पण जिम काट या डावखुऱ्या पिचरने २५ सामने जिंकले. त्या लीगमध्ये त्या वर्षी इतके कोणीच जिंकले नव्हते.

आणि मोसम संपताच सेनला काढून टाकण्यात आले.

कारण काय? मॅनेजर सॅम मेली आणि सेन यांचे पटत नव्हते; संवादच उरला नव्हता. पिचर ऐकत सेनचे आणि संघ चालवायचा मेलीने. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हा न्याय मालक कॅल्व्हिन ग्रिफिथ याने लावला आणि एक तलवार काढली.

तेव्हा जिम काटने जे केले ते त्या काळात असाधारण होते. त्याने मिनेसोटाच्या प्रेक्षकांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. सेनला घालवण्यात संघाचे मोठे नुकसान आहे, असे त्याने उघड सांगितले. श्रोतेहो, या माणसाचे वेतन ग्रिफिथच्या हाती होते, आणि करार सोडून जाण्याची सोय नव्हती. असा नोकर मालकाकडे अर्ज करीत नाही, तर लोकांकडे दाद मागतो. शेगडीभोवती बसलेल्या मंडळींना त्याने एकाएकी न्यायासनावर बसवले.

लोकांना निकाल देता येतो, अंमलबजावणी करता येत नाही. सेन परत आला नाही. ग्रिफिथने त्याच डिसेंबरात कॅलिफोर्नियाकडून डीन चान्स हा नावाजलेला पिचर मिळवला. म्हणजे एकाच हिवाळ्यात वस्ताद दिला आणि तयार पैलवान आणला. यांपैकी कोणता निर्णय शहाणपणाचा? १९६७ च्या मोसमाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते पाहण्यासारखे आहे.

चान्सने वीस सामने जिंकले. काट २५ वरून १६ वर आला. मेलीलाही मोसमाच्या मध्यावर, जूनमध्ये, घरी पाठवण्यात आले! शेवटचे दोन सामने उरले तेव्हा ट्विन्स बोस्टनमध्ये एका सामन्याने पुढे होते. दोहोंतला एक जिंकला तरी बोस्टनला त्यांना गाठता आले नसते. ३० सप्टेंबरला काट फेकत होता, संघ एका धावेने पुढे होता, आणि तिसऱ्या डावात त्याचे कोपर दुखावले. तो बाहेर गेला. तो सामना गेला. दुसऱ्या दिवशी चान्सचाही गेला. बोस्टनचे ९२ विजय झाले, ट्विन्सचे ९१.

एका सामन्याने! शेगडीभोवती काय बोलले गेले असेल याची कल्पना आपण करू शकता. सेन असता तर तो एक सामना मिळाला नसता काय? परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे हात आखडता घेतला पाहिजे. सेन त्या वर्षी डेट्रॉइटच्या टायगर्स संघात होता, आणि टायगर्सही नेमक्या ९१ विजयांवर, नेमक्या एका सामन्याने मागे राहिले. कोपर दुखावणे हा कोणा मॅनेजरचा अपराध ठरत नाही. एका वर्षाच्या पुराव्यावर काटच्या पत्राचा निवाडा करू पाहील तो दोन्हीकडून फसेल.

१९६८ मध्ये डेट्रॉइटच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. १९३४ नंतर तीसचा आकडा कोणी गाठला नव्हता आणि मॅक्लेननंतर आजवर कोणी गाठलेला नाही. त्याच वर्षीच्या जागतिक मालिकेत मिकी लोलिचने तीन सामने जिंकून टायगर्सना अजिंक्यपद दिले. सेनच्या चाहत्यांना याहून काय हवे? पण येथेही दुसरी बाजू आहे. ते वर्षच पिचरांचे होते. फलंदाज इतके हतबल झाले, की पुढल्या वर्षापासून पिचरचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणला गेला. मॅक्लेनचे सगळे यश वस्तादाच्या पदरात टाकता येत नाही. आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये, मॅनेजर मेयो स्मिथशी बेबनाव होऊन, सेनला तेथूनही जावे लागले.

आता मॅनेजरांची बाजू. ती मांडणे अवश्य आहे, कारण शेगडीभोवती ती मांडायला कोणी उभा राहत नाही. संघ म्हणजे केवळ पिचर नव्हेत. पिचरांनी आपला वेगळा कंपू करून एकाच माणसाचे ऐकायचे ठरवले, तर सामन्याच्या ऐन क्षणी हुकूम कोणाचा चालावा? पराभवाचा जाब मॅनेजरला द्यावा लागतो, वस्तादाला नव्हे. दोन संघांत तीच भांडणे झाली, त्याअर्थी सर्व दोष मॅनेजरांचाच होता असे म्हणता येत नाही. सेन आपल्या शिष्यांना मायेने जपणारा होता, पण सहकाऱ्यांना सोसणारा नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

परंतु याला अपवाद सापडतो, आणि तो फार बोलका आहे. १९७१ ते १९७५ सेन शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघात होता. मॅनेजर चक टॅनरने पिचरांचा कारभार त्याच्यावर मोकळेपणी सोपवला. तेथे विल्बर वुडने ओळीने चार वर्षे वीस किंवा अधिक सामने जिंकले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये चौतीस वर्षांच्या जिम काटला ट्विन्सनी सोडून दिले आणि शिकागोने त्याला उचलले. सात वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी पत्र लिहिले, त्या वस्तादासमोर शिष्य पुन्हा उभा राहिला. १९७४ मध्ये त्याने २१ सामने जिंकले, १९७५ मध्ये २०. श्रेय कोणाचे हे तो पुढेही वारंवार सांगत आला.

हा पुरावा मात्र मला एका वर्षाच्या आकड्याहून जड वाटतो. चार संघ, चार मॅनेजर, चौदा-पंधरा वर्षांचा काळ, निरनिराळ्या स्वभावाचे पिचर. आणि सगळीकडे वस्ताद तोच. पुढे ब्रेव्हज संघात लिओ मॅझोनी याने सेनच्याच रीतीने पिचरांना मधल्या दिवसांत फेकायला लावले, आणि १९९० नंतरच्या दशकात त्या संघाचे पिचर सर्वांत नामांकित ठरले. सेन ७ नोव्हेंबर २००६ रोजी वारला. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात २०२२ साली जिम काटची स्थापना झाली. सेनचे नाव तेथे नाही.

१९७५ नंतर हिवाळ्याचे रूप पालटले. बेडी तुटल्यावर पिचरांचा बाजार भरू लागला, आणि चाहत्यांच्या चर्चेत कोट्यवधींचे आकडे आले. कोणाला किती दिले हे सर्वांना ठाऊक असते. कोणाला कोणी घडवले हे विचारणारे थोडे. मालकाच्या वहीत पैलवानाची किंमत लिहिलेली असते. वस्तादाची नोंद तेथे एका ओळीच्या पगारापलीकडे जात नाही. ती नोंद कोठे राहिली असेल तर शिष्यांच्या तोंडी आणि लोकांच्या वादात.

म्हणून या रिकाम्या दिवसांच्या वादाला मी रिकामपणाचा उद्योग म्हणणार नाही. मात्र न्यायासनावर बसायचे तर न्यायाधीशाचे पथ्यही पाळले पाहिजे. १९६६ च्या हिवाळ्यात मिनेसोटाच्या मंडळींपुढे एका शिष्याची साक्ष होती, मालकाचा हुकूम होता आणि पुरावा अपुरा होता. तो पुरा व्हायला नऊ वर्षे लागली. तोपर्यंत ज्यांनी पत्र जपून ठेवले आणि निकालही राखून ठेवला, त्या प्रेक्षकांनाच खरा निवाडा करता आला.