मागच्या आवृत्तीची वाट

‘सेव्हन डेज टू डाय’ या झोंबींच्या गेमची ताजी आवृत्ती हाताशी असताना २०१७ सालची ‘अल्फा १६’ ही जुनी आवृत्ती मुद्दाम डाउनलोड करून खेळणारे लोक आहेत. ही रीत पडली कशी, ते पाहण्यासारखं आहे.

कार्ट्रिजच्या काळात जुन्या-नव्या आवृत्तीचा प्रश्नच नव्हता. घेतलेला गेम तसाच राहायचा. पुढे गेम इंटरनेटवरून येऊ लागले आणि नवं आलं की जुनं आपोआप पुसलं जाऊ लागलं. २००९ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ अर्धामुर्धा असतानाच विकायला निघाला आणि लोकांनी तो घेतला. मार्च २०१३ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने ‘अर्ली ॲक्सेस’ काढून अशा विक्रीला रीतसर जागा दिली. त्याच डिसेंबरात टेक्ससच्या ‘द फन पिंप्स’ कंपनीचा ‘सेव्हन डेज टू डाय’ तिथे दाखल झाला. त्याला १.० म्हणायला जुलै २०२४ उजाडला. एवढा काळ तो लोकांच्या डोळ्यांदेखत बांधला जात होता, पाडला जात होता.

स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीज उघडल्या की ‘बीटाज’चा टॅब दिसतो. ती सोय मुळात येऊ घातलेली कच्ची आवृत्ती तपासणाऱ्यांसाठी. फन पिंप्सनी त्याच यादीत जुने अल्फाही राहू दिले, आणि पुढचं पाहायची सोय मागे जायला वापरात आली.

सोय आहे म्हणून कोणी मागे जात नाही, त्याला कारण लागतं. ते दिलं २०१८ च्या अखेरीस आलेल्या अल्फा १७ ने. तोवर कुदळ मारत राहिलं की खाणकाम सुधारायचं, धनुष्य चालवत राहिलं की नेम बसायचा. १७ पासून काहीही करा, गुण एकाच खात्यात जमा. ते हवे तिथे खर्चायचे. जुन्या पद्धतीत पळवाट होती: दगडी कुऱ्हाडींचा ढीग लावूनही कौशल्य वाढवता यायचं. तरी मला तीच खरी वाटते. जगाचा घात झाल्यावर माणूस हाताला घट्टे पडूनच शिकणार.

झोंबीही बदलले. सातव्या रात्री झुंड येते, हे कायम. पण आधी भक्कम भिंत आणि भोवती खिळे एवढ्यावर निभावायचं. १७ पासून ते तटबंदीतला कच्चा भाग हुडकून तिथूनच घुसू लागले. मग घर बांधण्याऐवजी लोक त्यांना फसवणारे बोळ बांधू लागले.

पाण्याचं उदाहरण तर बोलकं आहे. जुन्या अल्फात रिकामी काचेची बरणी जपून ठेवायची, तळ्यावर भरायची, गढूळ पाणी चुलीवर भांड्यात उकळायचं, मग प्यायचं. बरणी नसेल तर भट्टीत वाळू वितळवून बनवायची. २०२३ च्या अल्फा २१ ने रिकाम्या बरण्या काढून टाकल्या आणि दव गोळा करणारं यंत्र आणलं. कारण समजण्याजोगं आहे: तळं सापडलं की तहानेची चिंताच संपायची. पण त्या बदलात तळ्याकाठी राहण्याला अर्थ उरला नाही, आणि नकाशावर घराची जागा निवडण्यातला अर्धा विचार गेला.

शिवाय एका अल्फातलं जग पुढच्या अल्फात सहसा धड उघडत नाही. मित्रांबरोबर अल्फा १६ मध्ये उभा केलेला किल्ला पाहायचा असेल, तर अल्फा १६ च लावावा लागतो.