मधला थर

गेल्या महिन्यात क्राइस्टचर्चमध्ये एका ओळखीच्या घरी जेवायला गेले होते. जेवणं झाली तशी तिथे भाड्याने राहणाऱ्या मुलीने लॅपटॉप पुढे सरकवला. नाशिकची, घरच्यांनी कर्ज काढून सॉफ्टवेअरच्या डिप्लोमाला पाठवलेली. असाइनमेंट होती एका दुकानाच्या वेब ॲप्लिकेशनची, तीन थरांत: वर ब्राउझरमधलं पान, तळाशी डेटाबेस आणि मध्ये धंद्याचे नियम. "ताई, माझं सगळं एकाच फाईलमध्ये चालतंय की! मग हे तीन थर कशाला?"

प्रश्न रास्त होता. आणि त्याच्या उत्तराचा बराच भाग ती राहते त्याच गावाशी जोडलेला आहे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी गिल सिम्पसन आणि पीटर हॉस्किन्स या दोन न्यूझीलंडर प्रोग्रामरांच्या एक गोष्ट लक्षात आली. गिऱ्हाईक कुठलंही असो, आपण पुन्हा पुन्हा तेच लिहितोय. माहिती भरायची स्क्रीन, ती तपासणं, साठवणं, रिपोर्ट छापणं. मग हे लिहिणारा प्रोग्रामच का लिहू नये? त्यातून लिंक ही भाषा आली. तुम्ही फक्त धंदा सांगायचा, कोबोलचा कोड ती तयार करणार.

धंदा सांगायचा म्हणजे काय, तर त्याचे दोन भाग करायचे. टिकून राहणाऱ्या गोष्टी, म्हणजे गिऱ्हाईक, माल. आणि घडणाऱ्या गोष्टी, म्हणजे विक्री, पैसे जमा होणं. पहिल्यांना ते कंपोनंट म्हणत, दुसऱ्यांना इव्हेंट. आपल्याकडच्या जुन्या पेढीवरच्या कारकुनाला हे समजवायला पाच मिनिटं लागली नसती. एक त्याची खतावणी, दुसरी रोजकीर्द.

लिंकचे हक्क पुढे बरोज या अमेरिकन कंपनीने घेतले. हे नाव लक्षात ठेवा, कारण मुंबईची गोष्टही तिथूनच सुरू होते. १९७४ मध्ये टीसीएसने बरोजसाठी हॉस्पिटलच्या हिशेबाचं कोबोल पॅकेज एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्यावर आणायचं काम मुंबईत बसून केलं. १९७७ मध्ये टाटा-बरोज ही कंपनीच निघाली. म्हणजे कंपनी तीच, भाषाही तीच कोबोल, पण मुंबईने तिला माणसांचे तास विकले आणि न्यूझीलंडने तास वाचवायचं हत्यार. यात कुणाला कमी लेखायचं नाहीये. एकतीस लाखांच्या देशात प्रोग्रामर आणणार कुठून? टंचाईतून हत्यार सुचलं, असं मला वाटतं. आपल्याकडे टंचाई परकीय चलनाची होती, माणसांची नव्हे.

मग वेब आलं. गिऱ्हाईक थेट ब्राउझरमधून आत यायला लागलं, तेव्हा नियम स्क्रीनमध्ये कोंबून ठेवणं महागात पडायला लागलं. सिम्पसन यांच्या क्राइस्टचर्चच्या कंपनीने १९९६ मध्ये जेड आणलं: एकच भाषा, डेटाबेस तिच्याच पोटात. १९९९ च्या डिसेंबरमध्ये सन कंपनीने जेटूईई आणलं, त्यात थर वेगळे आणि प्रत्येकाची खंडीभर कागदपत्रं. पुण्यात सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या डिप्लोमात मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसून जावा, डेटाबेस आणि हे थर घोकायची. तुमच्यापैकी काहींचे आई-बाबा त्याच शिदोरीवर परदेशी आले असतील. २००४ मध्ये रेल्स आलं, एका आज्ञेत स्क्रीन तयार. लोक थक्क झाले. लिंकवाले बहुधा हसले असतील.

आज तेच काम एआय करतं. त्या मुलीनेही पान आणि टेबल त्याच्याकडूनच करून घेतलं होतं, लपवलं नाही तिने. म्हणून मला मधल्या थराबद्दल बोलायचं होतं, कारण तो कुणी आयता देत नाही. न्यूझीलंडचा सुट्ट्यांचा कायदा घ्या, २००३ चा. वार्षिक रजेचा पगार कसा द्यायचा? नेहमीचा आठवड्याचा पगार आणि गेल्या बारा महिन्यांची आठवडी सरासरी, यांत जे जास्त असेल ते. वाचायला एक ओळ. पण नर्सच्या पाळ्या बदलतात, ओव्हरटाइम असतो, आणि 'आठवडा' म्हणजे नक्की किती तास हेच ठरत नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ नीट न उतरल्यामुळे इथल्या पोलिसांपासून सरकारी हॉस्पिटलांपर्यंत अनेकांना वर्षानुवर्षांची थकबाकी मोजून द्यावी लागली. स्क्रीन चांगल्या होत्या, डेटाबेस शाबूत होते.

मी तिला विचारलं, "तुझ्या दुकानात जीएसटी कुठे लिहिलायस?"

इथे जीएसटी १ ऑक्टोबर १९८६ ला आला, १० टक्के. बिलातला कर काढायचा तर एकूण रकमेला अकराने भागायचं. १ जुलै १९८९ पासून साडेबारा टक्के, म्हणजे नवाने भागायचं. १ ऑक्टोबर २०१० पासून १५ टक्के: तिनाने गुणा, तेविसाने भागा. ३० सप्टेंबरला विकलेला माल ऑक्टोबरात परत आला तर? त्या बिलाला जुनाच दर लागतो. म्हणजे नियमाला तारीखही माहीत हवी.

आम्ही फाईलमध्ये शोधायला लागलो. एका ठिकाणी ०.१५ होतं. पानावर १.१५. डेटाबेसच्या क्वेरीत पुन्हा ०.१५. आणि रिपोर्टमध्ये ३ भागिले २३, ते कुठून आलं हे तिला आठवेना. "एआयनेच टाकलं असणार," ती म्हणाली, आणि एक नवी रिकामी फाईल उघडली.