हेग्रा (अल-हिज्र)
वायव्य सौदी अरेबियात अल-उलाजवळ असलेले नबाती लोकांचे शहर, पेत्राखालोखाल महत्त्वाचे. धूप-मसाल्यांच्या तांड्यांच्या वाटेवर ते वाढले आणि इ.स. १०६ मध्ये नबाती राज्याबरोबर रोमनांकडे गेले. वालुकाश्मात कोरलेल्या येथील अनेक थडग्यांच्या दर्शनी भागावर मालकाचे नाव, वर्ष, थडगे विकणाऱ्याला होणारा दंड, क्वचित पाथरवटाचेही नाव कोरलेले आढळते. पेत्रात असे लेख फार विरळ, त्यामुळे अभ्यासकांना हेग्रा अधिक मोलाचे. एका सुट्या खडकातले ‘कस्र अल-फरीद’ हे थडगे अपुरेच राहिले. वरचे काम रेखीव, खाली नुसते छिन्नीचे घाव. कोरीवकाम वरून खाली होत असे, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००८ मध्ये समावेश. सौदी अरेबियातील हे पहिलेच स्थळ.