भाग २३ : रझाकार आले!

हा भाग ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये रेंज जात असेल किंवा हेडफोन घरी विसरला असेल, तर हा लिहिलेला भाग तुमच्यासाठी. बोलताना घसरलेली दोन-तीन वाक्यं इथं नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.

आमच्या घरी लहानपणी खूप दंगा केला की आजी म्हणायची, "काय रझाकारी लावलीय रे!" नांदेड-लातूरकडच्या पोरांना हा शब्द ओळखीचा असणार. मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मला वाटायचं, रझाकारी म्हणजे नुसता धिंगाणा. तो कधीकाळी जिवंत माणसांचा गट होता, त्या गटाचा पुढारी आपल्या लातुरात वकिली करत होता, हे मला हॉस्टेलवर एका मित्रानं सांगितलं. तो मित्र पुण्याचा, आणि लाज मला वाटली.

दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, हुतात्मा स्मारकाचे फोटो स्टेटसला टाकतो, संपलं. पण मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या भीतीत जगला ती भीती चालायची कशी, ती रोज कोण चालवायचं, हे कुणी सांगत नाही. आज ते बघू.

सुरुवात बंदुकीपासून करायची नाही. सुरुवात कागदापासून.

हैदराबाद संस्थान केवढं होतं? सोळा जिल्हे, १९४१ च्या जनगणनेत दीड कोटीच्या वर लोक. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी रयत, आणि कारभार उर्दूतून. गादीवर १९११ पासून मीर उस्मान अली खान, सातवा निजाम. या राज्यात १९२९ च्या सुमारास एक सरकारी परिपत्रक निघालं. जुनी माणसं त्याला 'गश्ती निशाण त्रेपन्न' म्हणतात. गश्ती म्हणजे परिपत्रक, निशाण म्हणजे नंबर. त्याचा मतलब एवढाच की सभा घ्यायची असेल तर आधी परवानगी घ्या. खासगी शाळा काढायची, व्यायामाचा आखाडा काढायचा, त्यालाही असेच नियम.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. परवानगी तर आजही काढावी लागते, असं कुणीतरी म्हणेलच. पण मी ज्या कामात आहे तिथं सिस्टिम बांधायच्या दोन पद्धती असतात. एकीत सगळं चालू असतं आणि चुकीचं तेवढं बंद करतात. दुसरीत आधी सगळंच बंद, मग एकेकाला दार उघडून द्यायचं. गश्ती त्रेपन्न ही दुसरी पद्धत. दार उघडायचं की नाही हे ठरवणारा अधिकारी नाही म्हणतच नाही. तो म्हणतो, अर्ज वर पाठवलाय. अर्ज महिनाभर पडून राहतो, सभेची तारीख निघून जाते. कुणाला लाठी लागली नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही, तरी सभा झाली नाही. पुढच्या वेळी तर कुणी अर्जच करत नाही. अर्ज केला की नाव कागदावर येतं, आणि कागद पोलिसांकडं जातो, हे सगळ्यांना कळलेलं असतं.

याचा परिणाम बघा. हैदराबाद संस्थानातल्या लोकांना आपल्या राज्याबद्दल राजकीय परिषद घ्यायची होती. त्यांनी ती घेतली कुठं? १९२३ ला काकिनाड्यात, १९२६ ला मुंबईत, १९२८ ला पुण्यात, १९३१ ला अकोल्यात. चारही गावं संस्थानाच्या बाहेरची! आपल्या घरातलं भांडण बोलायला शेजाऱ्याच्या ओट्यावर जायचं.

वर्तमानपत्राचं तेच. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' नावाचं साप्ताहिक काढलं, ते पुण्यातून. संस्थानात त्याच्यावर बंदी आली, की नाव बदलून पुन्हा काढायचं. एखादी साइट ब्लॉक झाली की पोरं दुसऱ्या पत्त्यावर तीच साइट उघडतात, तसला प्रकार. फरक एवढाच, की इथं अंक सापडला तर थेट घरावर धाड यायची.

१९३८ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद लातूरला भरली. पूर्ण राजकीय नाही, अर्धी सांस्कृतिक, तेवढीच चालायची. त्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन करायचं ठरलं, आणि सप्टेंबरमध्ये सरकारनं तिच्यावर बंदी घातली. गंमत अशी की संघटना रीतसर स्थापन व्हायचीच होती. जन्मायच्या आधीच बंदी! ती उठली १९४६ मध्ये. मधली आठ वर्षं लोकांनी बिननावाच्या संघटनेत काम केलं.

बंदी मोडून २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला. पहिली तुकडी गोविंदराव नानलांची, आणि दोन-तीन दिवसांत स्वामी रामानंद तीर्थ आत गेले. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते हेच. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, हिप्परग्याच्या आणि नंतर अंबाजोगाईच्या शाळेत हेडमास्तर. संन्यास घेतलेला माणूस, पण काम सगळं सत्याग्रहाचं आणि तुरुंगाचं. पुढं १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश जागा होता, त्या दिवशी यांना पुन्हा अटक झाली.

१९३८ च्याच शेवटी वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठानं शेकडो पोरं काढून टाकली. तुमच्या-माझ्यासारखीच पोरं ती. बापानं शेत गहाण ठेवून पाठवलेली असणार. त्यातल्या बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. त्यात एक पी. व्ही. नरसिंह राव पण होते, पुढं देशाचे पंतप्रधान झालेले. पण ज्यांना नागपूरला जायला पैसे नव्हते त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. एका पोराला काढलं की त्याच्या गावातल्या दहा बापांना संदेश पोचतो. भीतीचं गणित एवढं स्वस्त असतं.

आता रझाकार.

कासिम रझवी हा अलिगढला शिकलेला माणूस, लातूरला वकील. १९४६ च्या अखेरीस मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष झाला. रझाकार म्हणजे तिचे स्वयंसेवक. खाकी कपडे, कवायत, भाले, तलवारी, नंतर बंदुका. इथं एक बारीक गोष्ट आहे. सरकारी पगारपत्रकावर रझाकाराचं नाव नव्हतं. त्यानं गाव लुटलं तर सरकार हात वर करायला मोकळं. आणि गावकरी पोलिसांकडं गेला तर पोलीस तक्रार लिहूनच घ्यायचे नाहीत, कधी तर बरोबरच असायचे. म्हणजे मारणारा सरकारी नाही आणि वाचवणारा पण सरकारी नाही. मधे गावकरी एकटा.

नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांना ऑक्टोबर १९४६ मध्ये मारलं. (२०१५ मध्ये कोल्हापुरात ज्यांना गोळ्या घातल्या ते कॉम्रेड पानसरे वेगळे. नाव तेच, म्हणून गुगल गोंधळ घालतं.) खेड्यापाड्यात जाऊन लोकांना संघटित करणारा कार्यकर्ता. एवढाच गुन्हा.

१९४८ सालात तर सरहद्दीवरची गावंच्या गावं उठली. नांदेडकडचे लोक उमरखेड-पुसदकडं, लातूर-उस्मानाबादकडचे बार्शी-सोलापूरकडं. सरहद्दीपलीकडं स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते, तिथून तेही उलटा मारा करत. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली, लाखो रुपये चळवळीसाठी नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. उमरीतल्या पोरांना तो दिवस कसा आठवत असेल, सांगता येत नाही.

माझी आजी मुखेड तालुक्यातली. तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती सांगते, पितळेची भांडी परड्यात पुरली होती, आणि संध्याकाळी लवकर जेवून चुली विझवायच्या, धूर दिसू नये म्हणून. बायका-लेकरं ज्वारीत झोपायची. मी विचारलं, "आजी, तुमच्या गावात रझाकार आले होते का?" ती म्हणाली, "न्हाई आले बाबा. येत्याल येत्याल म्हनतच गेलं वरीस."

हे मला फार मोठं वाटतं. तिच्या गावात कुणी आलंच नाही! तरी वर्षभर अख्खं गाव ज्वारीत झोपलं. शेजारच्या एका गावात जे झालं ते वीस गावांना पुरलं.

आणि ज्यानं हे सगळं पोसलं त्याचं काय? २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे निजामाचं शिष्टमंडळ भारत सरकारशी करारासाठी दिल्लीला निघणार होतं. इत्तेहादच्या हजारोंच्या जमावानं दिवाण छतारीच्या नवाबांच्या घराला वेढा घातला. राज्याचा पंतप्रधान आपल्या राजधानीत घराबाहेर पडू शकला नाही! छतारींनी राजीनामा दिला. पुढं जे मंत्रिमंडळ आलं ते मीर लायक अलींचं, रझवीला सोयीचं. ज्या भीतीवर निजाम राज्य करत होता, तिच्यापुढं आता तो स्वतः गप्प होता.

हा हिंदू-मुसलमान मामला होता, असं म्हणून विषय संपवणारे भेटतात. मला ते पटत नाही. निजामाच्या राज्यात जहागिरी आणि देशमुखी खाणारे हिंदू भरपूर होते. आणि शोएबुल्ला खान बघा. हैदराबादला 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवायचा हा तरुण संपादक. भारतात सामील व्हा, रझाकारांना आवरा, असं उघड लिहायचा. रझवीनं जाहीर सभेत, विरोधात उठणारे हात तोडू, अशी भाषा केली. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री ऑफिसातून घरी जाताना शोएबुल्लाला गाठलं, गोळ्या घातल्या, आणि खरंच हात तोडला. लिहिणारा हात. वय तिशीच्या आत, जवळपास माझंच.

तीन आठवड्यांनी, १३ सप्टेंबरला भारतीय फौज आत आली आणि १७ ला निजामानं शरणागती दिली. पाच दिवस. एवढी मोठी भीती पाच दिवसांत कोसळली. रझवीला अटक झाली, बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला.

आपल्या शाळेतली गोष्ट इथं संपते. मी पण हा भाग इथंच संपवणार होतो. स्क्रिप्ट वाचून एक मित्र म्हणाला, "पुढचं बोलू नको, कमेंटमध्ये शिव्या खाशील." मग लक्षात आलं, की मी भीतीवर भाग करतोय आणि स्वतः त्याच कारणानं अर्धा गाळतोय.

तर पुढचं. १७ सप्टेंबरनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांची कत्तल झाली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा तिचा अंदाज. लातूर रझवीचं गाव, म्हणून तिथं राग जास्त. समितीच्या म्हणण्याप्रमाणे तिथली मारामारी वीस दिवसांवर चालली, हजाराच्या वर लोक मेले, आणि दहा हजारांच्या वस्तीत तीन हजार उरले, बाकीचे पळाले. मेलेल्यांतले सगळे रझाकार नव्हते हे सांगायला समिती लागत नाही. खरे रझाकार तर आधीच पळालेले किंवा धरलेले. त्याच अहवालात हेही आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव देऊन वाचवलं. हा अहवाल कित्येक दशकं सरकारी कपाटात राहिला.

स्क्रिप्ट पूर्ण करायच्या आधी मी आजीला परत फोन केला. तिच्या बोलण्यात एका पिंजाऱ्याचं घर नेहमी यायचं. त्याच्या बायकोनं आजीला गोधडी शिवून दिली होती, ती गोष्ट मी शंभरदा ऐकलेली.

"आजी, तुमच्या गावातल्या त्या पिंजाऱ्याचं पुढं काय झालं?"

"गेले ते."

"कुठं गेले?"

"गेले म्हनले ना. तू जेवलास का?"

रझाकारांबद्दल ती तासभर बोलली होती. यावर एवढंच. गोधडीचं विचारलं तर म्हणाली, जपून ठेवलीय, पेटीत तळाला.

दिवाळीला गावी जाणार आहे. रेकॉर्डर घेऊन जाईन, पण आधी नुसता बसेन म्हणतो. तुमच्या घरी कुणी त्या वेळचं माणूस असेल तर त्यांच्याशी बोला, आणि त्यांची हरकत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायचं नसेल तर चालेल. भेटू.