वाळवण

वाळवण म्हणजे धान्य, डाळी, भाज्या व फळे यांतील पाण्याचा अंश उन्हाने काढून टाकून ती अनेक महिने टिकतील अशी करण्याची घरगुती पद्धत. या पद्धतीने तयार झालेल्या पापड, कुरडया, शेवया, सांडगे इत्यादी पदार्थांनाही एकत्रितपणे वाळवण असेच म्हणतात. ही पद्धत महाराष्ट्राच्या सर्व भागांत आढळते. विदर्भातील कोरडा व प्रखर उन्हाळा तिला विशेष अनुकूल आहे.

हंगाम

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड व त्याच्या आसपासच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि हवेत ओलावा फार थोडा असतो. तूर, हरभरा व गहू तोवर घरात आलेले असतात. जूनमध्ये मृग नक्षत्र लागले की पेरणी व पुढे निंदणी यांत घरातील स्त्रिया गुंततात, सरपण ओले होते आणि ताज्या भाज्यांची आवक घटते. अशा दिवसांत कालवणाची सोय वाळवणावरच अवलंबून असे. जेवणाच्या ताटातील तोंडीलावणे ही त्याची आजची ओळख त्या मानाने अपुरी आहे. वैशाखातील एखादा अवकाळी पाऊस अंगणातील कित्येक दिवसांचे श्रम वाया घालवू शकतो.

प्रमुख पदार्थ

कुरडईसाठी गहू साधारणपणे तीन दिवस भिजवतात व पाणी रोज बदलतात. नंतर तो वाटून, गाळून सत्त्व खाली बसू देतात. वरचे पाणी ओतून टाकल्यावर उरलेले सत्त्व मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात सतत ढवळत शिजवावे लागते. तयार झालेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून कापडावर पाडतात. चीक शिजवण्याचे काम ऊन चढण्यापूर्वी, पहाटेच उरकतात. एकटीने होण्यासारखे हे काम नसल्याने शेजारच्या स्त्रिया आळीपाळीने एकमेकींकडे जातात. कावळे व शेळ्यांपासून राखण करणे हे मुलांचे काम. त्याचा मोबदला ओल्या चिकाच्या रूपाने मिळतो.

सरगुंडे हा विदर्भातील वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होय. गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीभोवती गुंडाळून वाळवतात. ते उकडून आंब्याच्या रसासोबत खातात. मूगवड्यांचा रस्सा करतात. हरभऱ्याचा कोवळा पाला हिवाळ्यातच खुडून सुकवला जातो.

याच तालुक्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आहे. हळदीची बोटे आधी शिजवून मग १० ते १५ दिवस उन्हात वाळवतात. ओल्या मालाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकीच वाळलेली हळद हाती येते.

कोकणात हवा दमट असल्याने मिठाचा आधार अधिक घेतला जातो. सुके बोंबील, सुकट व आमसुले हे तेथील वाळवणाचे प्रकार होत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीला महत्त्व येते.

टिकण्यामागील कारणे

बुरशी, यीस्ट व जिवाणू यांना वाढीसाठी पाणी लागते. ते पुरेसे कमी झाले की त्यांची वाढ थांबते. मात्र ते सर्व मरत नाहीत. म्हणून डब्यात दमट हवा शिरल्यास वाळवण पुन्हा बिघडते. जाड फोडी एकदम कडक उन्हात टाकल्यास वरचा थर घट्ट होतो व आतला ओलावा अडकून राहतो. बाहेरून खडखडीत दिसणारी अशी फोड पावसाळ्यात बुरसते. यास्तव फोडी पातळ चिरतात. पालेभाज्या सावलीत वाळवल्यास रंग व अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक बऱ्याच अंशी टिकतो. क जीवनसत्त्वाचा मात्र मोठा भाग नष्ट होतो.

बुरशी धरलेली मिरची किंवा शेंगदाणे पुन्हा ऊन देऊन वापरण्याची सवय घातक आहे. ॲस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतास अपायकारक विष निर्माण करतात. ते ऊन, तळणे वा शिजवणे यांनी पूर्णपणे नाहीसे होत नाही. असा माल टाकून देणे हाच उपाय होय.

साठवण

वाळवण पूर्ण गार झाल्यावरच भरतात, अन्यथा डब्यात वाफ धरते. पूर्वी मडकी वापरीत, आता घट्ट झाकणाचे पत्र्याचे वा स्टीलचे डबे वापरतात. कडधान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा राख घालतात व तुरीच्या डाळीला तेलाचा हात लावतात. पावसाळ्यात उघडीप मिळताच डबे उघडून वाळवणाला पुन्हा ऊन दाखवले जाते.